खोकल्याला परवानगी

भाषणं लिहून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्यात माझ्या हुशारीचा काही संबंध नव्हता. सौंसरला मी सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि मराठी ऐकून हिंदीत झरझर लिहिणारा तिथे मी एकटाच होतो. बाकीच्यांनी शहाणपणा केला आणि आपल्याला हिंदी नीट येत नाही असं सांगून टाकलं. मला तेवढं सुचलं नाही.

साल छप्पन. राज्यं नव्यानं आखायचं दिल्लीत ठरलं होतं. नागपूर आणि सगळा विदर्भ मुंबईकडे जाणार, आणि आम्ही, चुलीपाशी आणि बाजारात मराठी बोलणारे सौंसर-पांढुर्ण्याचे लोक, छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहणार. माझी थोरली बहीण काटोलला दिलेली. बायको लोधीखेड्याची. गावची संत्री नागपूरला जायची, लग्नाचा बस्ता नागपूरला बांधायचा, माणूस जास्त आजारी झालं की नागपूरलाच न्यायचं. आता ते सगळं परक्या राज्यात जाणार होतं. सभा होऊन राहिल्या होत्या, मोर्चे निघत होते, आणि ते उगाच निघत नव्हते. मी सरकारी नोकर नसतो तर मीही गेलो असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की हा साहेबाचा माणूस होता. साहेब मला अजिबात आवडत नव्हता.

साहेब आमच्या कचेरीचा मॅजिस्ट्रेट, विंध्याच्या पलीकडचा. वय तिशीच्या आत, कायदा तोंडपाठ, मराठीचा गंध नाही. त्याला वाटायचं की कागदावर नीट लिहिलं की माणसं नीट वागतात. त्यानं मला बोलावलं आणि म्हणाला, "बाबूजी, आप सभा में बैठेंगे। जो बोला जाए, शब्दशः लिखेंगे। मतलब मत लिखिए, शब्द लिखिए।" मी हो म्हणालो. शब्द आणि मतलब वेगळे काढता येतात असं तेव्हा मलाही वाटत होतं.

पहिली सभा पांढुर्ण्याच्या बाजारात झाली. मी पुढच्या रांगेत मांडीवर वही घेऊन बसलो, बाजूला हवालदार. आधी एक म्हातारे वकील बोलले. मुलांना कोणत्या भाषेत शिकवणार, शेतकऱ्याला सातबारा कोणत्या भाषेत देणार, कोर्टात बाईमाणसानं कोणत्या भाषेत रडायचं, असं एकेक विचारत गेले. मला टाळी वाजवावीशी वाटली. हातात पेन्सिल होती म्हणून वाजवली नाही.

त्यांच्यानंतर तो उठला. कापसाचा अडत्या होता, सगळे त्याला भाऊ म्हणत. आवाज मऊ, हात जोडलेले, शिवीगाळ कधीच नाही. मी आयुष्यात पुष्कळ शिवराळ माणसं पाहिली, त्यांच्याबद्दल मला एवढा राग नाही. हा माणूस गोड बोलत असे आणि मला त्याचा आजही संताप येतो.

पोळा आठ दिवसांवर आला होता. तो म्हणाला, "मायबहिणींनो, पोयाच्या दुसऱ्या दिवशी सकायी आपन काय म्हनतो?"

सगळा बाजार ओरडला, "घेऊन जाय गे मारबत!"

मारबत म्हणजे काटक्या, चिंध्या आणि मातीची केलेली भलीमोठी बाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला गावातून मिरवत नेतात आणि शिवेबाहेर जाळतात. गावातली पीडा तिच्यासोबत जावी म्हणून वाटभर ओरडायचं: खासी, खोकला, रोगराई, घेऊन जाय गे मारबत! मी जन्मभर ओरडलो आहे. त्यात कोणाचं वाईट चिंतलेलं नसतं, ढेकणांचं सोडून.

"हिवताप!" तो म्हणाला.

"घेऊन जाय गे मारबत!"

"ढेकून!"

"घेऊन जाय गे मारबत!" बाया हसायला लागल्या.

"हिंदीचे मास्तर!" त्याच आवाजात, तसेच हात जोडून.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ओरडले, आणि आधीपेक्षा जोरात ओरडले. मग ठाणेदार झाले, मग दुकानदार झाले, मग त्यांची लेकरं झाली. वकीलसाहेब व्यासपीठावर बसून पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. मी शब्दशः लिहीत होतो. साहेबाच्या बंगल्यावर शिपाई होता, ठाणेदाराकडे बंदूक होती. मास्तर तेवढा पिशवी घेऊन एकटा भाजी आणायला जात असे.

हे मला ठाऊक होतं, कारण असा एक मास्तर माझ्या भिंतीला भिंत लागून राहत होता. सागरकडचा. सौंसरात अकरा वर्षं हिंदी शिकवत होता. अंगानं काडी, छातीत दमा, नाकावर तारेचा चष्मा, वैशाखातही गळ्याला मफलर. वर्गात त्याचा पहिला अर्धा तास खोकण्यातच जाई, म्हणून पोरांनी त्याचं नाव खोकला मास्तर ठेवलं, आणि पोरांकडून ते गावानं उचललं. त्याचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या गावाला सांगता आलं नसतं. त्याला ते माहीत होतं. कोणी पाव्हणा घर विचारत आला की तो स्वतःच म्हणायचा, "खोकला मास्तर? मीच तो." आमच्या बोलीवर त्याचा फार जीव. "बाबूजी, तुमचं 'करून राहिलो' आणि आमचं 'कर रहा हूँ', सख्खे भाऊ आहेत हो," असं मला पन्नासदा तरी सांगितलं असेल. त्याला मूलबाळ नव्हतं. माझ्या बायकोच्या बाळंतपणात सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा त्याच्या बायकोनं चाळीस दिवस आमच्या पोरीला तेल लावलं, बाळंतिणीला शेक दिला, आणि वर मला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं. अशी ती दोन माणसं होती.

मी हिंदीत अहवाल नेऊन दिला. साहेबानं तो दोनदा वाचला आणि भुवया चढवल्या.

"ये मारबत कौन है?"

"जी?"

"ये औरत। सब लोग इसी से कह रहे हैं कि उठा ले जा। सभा में हाज़िर थी? इसके पति का नाम आपने नहीं लिखा।"

मी समजावून सांगितलं. साहेबाचे कान लाल झाले, आणि आपलं हसं झालं याचा राग त्यानं कायद्यावर काढला. त्याच दुपारी त्यानं हुकूम काढला: पुढच्या आदेशापर्यंत "घेऊन जाय गे मारबत" ही घोषणा कोणीही, कोठेही, कोणत्याही कारणानं देऊ नये. मी म्हणालो, साहेब, पोळा आहे. तो म्हणाला, "क़ानून त्योहार देखकर नहीं चलता।"

हुकूम माझ्या अक्षरात चावडीवर लागला आणि गाव पेटलं. पांढुर्ण्याला तर हे कळेचना. मारबतीच्याच दिवशी तिथे नदीच्या दोन्ही काठांवरून दगडांची गोटमार होते, एकमेकांची डोकी फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं एकत्र बसून चहा पितात. दगडांना मनाई नाही आणि मारबतीला मनाई! ज्यांनी अडत्याच्या सभेत तोंड वाकडं केलं होतं, तेही आता त्याच्या घरी जाऊन बसायला लागले. साहेबानं एका हुकुमात त्याला जेवढी माणसं मिळवून दिली, तेवढी त्याला सात सभांत मिळाली नसती. आणि शिव्या कोणी खाल्ल्या? अक्षर ज्याचं त्यानं. न्हावी म्हणाला, "आज गर्दी हाये जी." दुकान रिकामं होतं. दूधवाल्यानं आमचं घर सोडून पुढचं घर धरलं. विहिरीवर माझ्या बायकोला बाया जागा देईनात.

तीन दिवसांनी साहेब नरमला. वरून कोणीतरी झापलं असावं. त्यानं मला बसवलं आणि हुकूम सुधारायला सांगितला: घोषणा चालेल, पण फक्त रोगराईच्या बाबतीत, धार्मिक रूढी म्हणून. माणसाचा, जातीचा, भाषेचा, पेशाचा उल्लेख झाला तर गुन्हा. "और कौन-कौन सी बीमारी, वो भी लिख दीजिए। कोई गुंजाइश न रहे।"

मी टाक बुडवला आणि लिहिलं: खालील पीडांचा उच्चार करण्यास हरकत नाही. खासी, खोकला, हिवताप, रोगराई, ढेकूण, डास.

आता तुम्ही म्हणाल, तुला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण हात सवयीनं चालला. तीस वर्षं खासीच्या मागोमाग खोकलाच म्हटलेला, तो दुसरं काय लिहिणार? परक्या मुलखातला कारकून असता तर कदाचित थांबला असता. आमच्यापैकी कोणीही बसवला असता, तर त्यानं हेच लिहिलं असतं. ही सबब मी स्वतःला इतक्या वर्षांत पुष्कळदा दिली आहे.

नवा कागद चावडीवर लावायला मीच गेलो होतो. अडत्या कामानं सौंसरला आला होता, तो गर्दीतून पुढे झाला आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागला. खासी. मग पुढचा शब्द. तिथे तो थांबला. माझ्याकडे वळून हसला आणि हात जोडले.

"बाबूजी, लय उपकार झाले बावा तुमचे."

मला काही कळलं नाही. घरी आलो, सदरा काढला, पाणी प्यायलो. भिंतीपलीकडून मास्तरचं खोकणं सुरू झालं, आणि मग कळलं. मी तसाच उभा राहिलो. कचेरी उघडी होती. सदरा परत घालून जाऊन एक शब्द खोडून आणता आला असता. पण साहेबानं एकदा माघार घेतली होती, तो तसाच फुणफुणत होता. दुसऱ्यांदा हुकूम बदलायला लावायचा तर चूक माझी आहे असं सांगावं लागणार. मी स्वतःला म्हटलं, एवढं डोकं कोण लावतंय. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघाली. तिच्या गळ्यात मफलर होता आणि मातीच्या नाकावर तारेचा चष्मा बसवला होता. हिवताप नाही, ढेकूण नाही, डास नाही. पुढे अडत्या, आणि आमच्या गल्लीत शिरल्यापासून त्याच्या मऊ आवाजात एकच शब्द.

"खोकला!"

"घेऊन जाय गे मारबत!"

"खोकला!"

"घेऊन जाय गे मारबत!"

शिवेबाहेर न्यायची ती मारबत त्यांनी मास्तरच्या दाराशी टेकवली. मी हवालदाराला म्हणालो, थांबवा. त्यानं खिशातून हुकुमाची नक्कल काढली, बोटानं ओळ शोधली आणि खरोखरच अडचणीत पडलेल्या चेहऱ्यानं मला दाखवली. "बाबू, खोकला तं लिस्टात हाये." मग त्यांनी तिला काडी लावली. चिंध्यांचा धूर, तेलाचा धूर, सगळा दाराच्या फटीतून आत गेला, आणि आत मास्तर खोकायला लागला. खोकला आत वाढला की बाहेर टाळ्या. मी पुष्कळ वाईट गोष्टी पाहिल्या आहेत, पण त्या टाळ्यांइतकी हलकट गोष्ट पाहिली नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याच्याकडे शिकून पास झालेले किमान दहाजण होते. मी माझ्या दारात उभा होतो.

त्यानंतर खोकण्याची साथ आली. मास्तर बाजारात शिरला की पहिला भाजीवाला खोके, मग दुसरा, मग सगळी ओळ. शाळेत तो फळ्याकडे वळला की चाळीस पोरं खोकत. देवळात खोकत, पोस्टात खोकत. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला नवरा-बायको गेले, तर तिथल्या रांगेतही आपल्या गावचे कोणी होतेच. कोणी शिवी दिली नाही. कोणी अंगाला हात लावला नाही. त्याच्या बायकोनं बाजारात जाणं सोडलं, आणि त्यांची भाजी माझी बायको पदराखाली झाकून आणू लागली. झाकून का, असं मी तिला एकदा विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

मास्तरनं अर्ज केला. चांगला मुद्देसूद अर्ज होता, सुवाच्य हिंदीत, एकही काना-मात्रा चुकलेली नाही. साहेबानं तो वाचला आणि मला विचारलं, "खाँसने पर कौन-सी दफ़ा लगाऊँ, बाबूजी?" तो चेष्टा करत नव्हता. तोंडावर पाणी मारल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. मोर्चे बंद करायचे, तर वकीलसाहेबांसारख्यांचंही तोंड बंद होणार, आणि त्यांचं मागणं रास्त होतं हे साहेबालाही आतून ठाऊक होतं. शब्द बंद करायचे, तर लोक दुसरे शब्द काढणार. आणि आता तर शब्दही नव्हता, नुसता घसा होता. शेवटी त्यानं कायद्याची एक वाट काढली. अडत्याकडून चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून का घेऊ नये, अशी नोटीस त्याला काढली. मुचलका झाला असता, तर पुढच्या प्रकाराला त्याला आत टाकता आलं असतं, आणि आत जायची तयारी असलेला तो माणूस नव्हता. खोकणं एका दिवसात थांबलं असतं. त्यासाठी एकच गोष्ट सिद्ध व्हायला हवी होती: मारबतीच्या दिवशीचा खोकला म्हणजे कोण. साक्षीदार एकच, शब्दशः लिहिणारा.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी मास्तर आमच्याकडे आला. ओट्यावर बसला, चहा नको म्हणाला.

"बाबूजी, मी तुम्हाला काही सांगायला नाही आलो. फक्त विचारून राहिलो. बायको सागरला चला म्हणते. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब. थांबायचं ना?"

मी म्हणालो, "थांबा ना मास्तर. काही होत नाही."

तो गेल्यावर बायको आतून आली. पोरगी कडेवर होती. "त्या बाईनं चाळीस दिवस माह्या लेकराले तेल लावलं. उद्या तुमी कोर्टात काय सांगून राहिले, ते मले आत्ता सांगा."

"खरं ते सांगीन."

"कोन्तं खरं?"

मी चिडलो. नोकरी माझी जाणार, तुझं काय जातं, असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, "माहं जे जाते ते तुमाले दिसत नाई," आणि आत गेली.

अडत्याचा वकील कोण असावा? पांढुर्ण्याच्या सभेत ज्यांच्या भाषणाला मला टाळी द्यावीशी वाटली होती, तेच म्हातारे वकील. भला माणूस. आपल्या बाजूचा माणूस म्हणून उभा राहिला होता. आपल्या बाजूचा म्हटला की भल्या माणसांचीही नजर पायाच्या अंगठ्याकडे जाते.

त्यांनी हुकूम माझ्या हातात दिला.

"अक्षर कोणाचं?"

"माझं."

"यात 'खोकला' आहे? हरकत नाही, असं लिहिलं आहे?"

"आहे."

"तुम्ही जन्मानं इथलेच. आता असं सांगा. खोकला म्हणजे गावातला एखादा माणूस, असं तुम्हाला माहीत असतं, तर तुम्ही हा शब्द यात घातला असता?"

केवढा सोपा प्रश्न! असता म्हणावं, तर मी जाणूनबुजून माझ्या शेजाऱ्याला गावाच्या तोंडी दिला. नसता म्हणावं, तर खोकला म्हणजे कोणी माणूस नाही. तिसरं उत्तरही होतं: माहीत होतं, आणि तरी घातला, कारण हात सवयीनं चालला, आणि नंतर खोडायला गेलो नाही, कारण भ्यालो. एवढंच बोलायचं होतं. नोकरी कदाचित गेली असती. न्हाव्यानं दाढी केली नसती. मास्तर राहिला असता.

"नसता घातला," मी म्हणालो.

"मग खोकला म्हणजे?"

"खोकला म्हणजे खोकला."

मागच्या बाकांवर कोणीतरी समाधानानं खोकलं. साहेब पुढे झुकला. त्या क्षणी मला तो पहिल्यांदाच माणूस वाटला. "बाबूजी, सोचकर बोलिए। आप इनके पड़ोसी हैं। मैं फिर पूछता हूँ।"

मी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी हिंदीत.

मास्तर भिंतीशी बसला होता. त्याला ढास लागली होती, पण त्या जागेत त्याला खोकायचं नव्हतं. मफलरचा बोळा तोंडात कोंबून तो बसला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मान हलत होती, पण आवाज त्यानं बाहेर येऊ दिला नाही. नोटीस रद्द झाली.

त्या दिवशी कचेरीतून निघालो तर न्हाव्यानं दुकानातून हाक मारली. "या जी बाबू, बसा." दाढी करून दिली, वर मान चोळून दिली. दुसऱ्या सकाळी दूधवाला आपणहून आला. अडत्यानं संत्र्यांची करंडी पाठवली, ती बायकोनं दारातच अडवून परत पाठवली. वकीलसाहेब रस्त्यात भेटले तर नजर चुकवून निघून गेले. त्यांना लाज वाटत होती, हे बघून मला फार राग आला. मला लाज वाटली नव्हती. मला हलकं वाटलं होतं, आणि दाढी गुळगुळीत झाली होती.

मास्तर माझ्याशी त्यानंतर बोलला नाही. बदलीचा अर्ज त्यानं त्याच आठवड्यात दिला. भिंतीपलीकडे ट्रंका ओढल्याचे आवाज येत, आणि माझी बायको जास्त वेळ तिकडेच असे. घरी आली की पोरीशी बोले, माझ्याशी नाही. नवं राज्य अजून लागायचं होतं. मास्तरचा कोणत्या राज्याशी काय संबंध होता, हे कोणी मला समजावून सांगेल तर बरं होईल. आमची सरहद्द त्याच्या जाण्यानं इंचभर सरकली नाही. आम्ही होतो तिथेच राहिलो, आणि आहोत.

ते सकाळच्या मोटारीनं पांढुर्ण्याला जाऊन तिथून इटारसीची गाडी धरणार होते. मी मोटार अड्ड्यावर गेलो, ते निरोप द्यायला असं स्वतःला सांगत गेलो. चहाच्या टपरीशी न्हावी होता, दूधवाला होता, बाजारातले सात-आठजण होते. त्यांनी मला सरकून जागा दिली, हातात कप दिला. समोर मोटारीच्या दाराशी माझी बायको पोरीला घेऊन उभी होती, आणि मास्तरची बायको पोरीचे पाय हातात धरून रडत होती.

मास्तर टपावर ट्रंका चढवून खाली उतरला आणि आमच्यासमोरून दाराकडे निघाला.

न्हावी खोकला. दूधवाला खोकला. मग एकेक करून सगळे खोकले, आणि माझ्यापाशी येऊन ते थांबलं. न्हावी चहाची बशी हातात धरून माझ्याकडे पाहत होता, रागानं नाही, आपल्या माणसाकडे पाहावं तसा.

मी खोकलो.

मास्तरनं मान वळवली नाही. तो दांड्याला धरून मोटारीत चढला. माझ्या बायकोनं मात्र तो आवाज ओळखला आणि पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेत माझ्याकडे पाठ केली.

मला त्या दिवशी खोकला नव्हता.